भैरुदासाची सोळा पानं

एखाद्या माणसानं नऊ भागांच्या कादंबरीचा पाचवा भाग वाचायला घेतला, तर त्यात चारचौघांनी बोलण्यासारखं काय आहे? पण आमच्या गल्लीत कुणी नवी चप्पल घेतली तरी आठवडाभर चर्चा चालते. इथं तर साडेचारशे पानांचं पुस्तक होतं, आणि ते मी वाचनालयात आठ महिने नंबर लावून मिळवलं होतं.

पहिला सल्ला दिला अण्णारावांनी. अण्णाराव म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाले, "कुंडलिकराव, मधला भाग कुणी वाचतं का? पहिला वाचावा, शेवटचा वाचावा. मधे नुसतं चालणं असतं."

"चार भाग वाचून झालेत," मी म्हणालो.

"तेच म्हणतो. चार भाग चालले ना? आता पाचव्यातही चालणार."

हे अगदीच खोटं नव्हतं. 'नऊ शिखरांची वाट' या कादंबरीत बारा जण एका शापित राज्याची मशाल नवव्या शिखरावर पोचवायला निघालेले असतात, आणि चार भागांत ते जेमतेम तिसऱ्या शिखराच्या पायथ्याशी आले होते. आमच्या सोलापुरातली महापालिकेची कामं बघता हा वेग मला तरी बरा वाटत होता.

दुसरं असं, की हे पुस्तक मी एकटा वाचत नव्हतो. आमच्या ओसरीवर दुपारपासून गल्लीतल्या आठ-दहा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. मी जकात कचेरीत कारकून. साडेपाचला घरी आलो, चहा घेतला, की तासभर मोठ्यानं वाचायचो. दोन वर्षांपूर्वी सहज सुरू झालं आणि मग सुटका राहिली नाही. राजकन्येचा आवाज वेगळा, राक्षसाचा वेगळा, घोड्याचाही वेगळा. हे सगळं मी उत्तम करतो असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं, मथुरेचं, मत विचारण्याचं कारण नाही. बायकांच्या कात्र्या पानं कातरत असायच्या. त्यांचा आवाज थांबला की समजावं, प्रसंग रंगला.

ओसरीचा एकच नियम होता. कुणीही पुढचं चोरून वाचायचं नाही, आणि तो कुणी म्हणजे मी, कारण बाकी कुणाला वाचता येत नव्हतं. मथुरेला येतं, पण तिला घोड्याच्या आवाजाचा कंटाळा होता.

हा नियम केला होता नरसम्मांनी. साठीच्या, बारीक अंगाच्या, तोंडात कायम पान. नवरा हातमागावर होता, तीन वर्षांपूर्वी गेला. तो असेपर्यंत म्हणे त्यांच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती. कांद्यावर बोलायला लागला तर तासभर कांद्यावर बोलायचा. म्हणून असेल, पण बारा जणांमध्ये नरसम्मांचा जीव होता तो भैरुदास नावाड्यावर. हा म्हातारा संकट आलं की मशाल उंच धरून पाच-सहा पानं उपदेश करायचा. इतर बायका तेवढ्यात तंबाखू निवडून घ्यायच्या. नरसम्मा मात्र कात्री खाली ठेवायच्या.

आणि येत्या रविवारी नरसम्मा कायमच्या भिवंडीला चालल्या होत्या. मुलानं तिथं दोन माग टाकले होते, नातवंडं सांभाळायला आईला बोलावलं होतं.

"तिथं मला काय काम आहे, काय की," त्या सोमवारी म्हणाल्या. "कुंडलिकभाऊ, आहे तेवढ्या दिवसांत जास्त वाचा. निदान त्या गुहेतनं सगळे बाहेर आलेले कळू द्या. नाहीतर भिवंडीत कोण सांगणार?"

मी शब्द दिला. काळ्या गुहेच्या तोंडाशी आलेले बारा जण दोनशे आठव्या पानावर आत शिरले. मागचं दार बंद झालं, पुढं पाण्याचा आवाज. पानाची शेवटची ओळ मला अजून आठवते: 'तेव्हा भैरुदास पुढे झाला आणि मशाल उंच धरून म्हणाला,'

मी समोरच्या पानावर गेलो. दोनशे नऊ. भैरुदासाचा खर्जातला आवाज लावला आणि वाचलं: 'शेळीचे पोट डाव्या बाजूने फुगले असता तिला चढावर अशी उभी करावी, की तिचे पुढचे पाय उंचावर येतील.'

आता तुम्ही म्हणाल, इथंच कळायला हवं होतं. पण ज्यानं चार भाग भैरुदासाला ऐकलेलं आहे, त्याला असं कळत नाही. या माणसानं दुसऱ्या भागात वेढा पडलेला असताना मिठावर उपदेश केला होता आणि शेवटी तो उपयोगी पडला होता. शिवाय पानाचा आकडा बरोबर, टाइप तोच, कागद तोच. मी वाचत गेलो. पोट हलक्या हातानं चोळावं. गोडं तेल पाजावं, पण डोकं फार वर करू नये, ठसका लागतो. ओलं लुसलुशीत गवत उपाशीपोटी चारू नये. आणि सांगायची गोष्ट म्हणजे ओसरीवरच्या सगळ्या कात्र्या थांबल्या होत्या. राजकन्येच्या स्वयंवरालासुद्धा एवढी शांतता नव्हती.

"शेळी म्हणजे मन," अण्णाराव कठड्यापलीकडून म्हणाले. 'मधला भाग कुणी वाचतं का' म्हणणारे अण्णाराव रोज साडेपाचला खुर्ची घेऊन कठड्याला येऊन बसत. "मन फुगतं. त्याला चढावर उभं करायचं. फार खोल लिहिलंय."

मलाही ते पटलं. मंगळवारी मी करडांचं संगोपन वाचलं, त्यात थोडे हुंदकेसुद्धा घातले. दोनशे चोविसावं पान संपलं, दोनशे पंचविसावं सुरू झालं: 'हे शब्द ऐकून सर्वांचे डोळे पाणावले. अकरा जणांनी पुन्हा वाट धरली. जो आता आपल्यात नाही त्याचे नाव नवव्या शिखरापर्यंत कोणी उच्चारायचे नाही, अशी त्यांनी शपथ घेतली.'

मी थांबलो. अकरा?

बारा आत गेले होते. करडांना चीक पाजण्याच्या सूचना ऐकता ऐकता बारावा कुठं गेला? मी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. नाव घ्यायचं नाही अशी शपथच घेतल्यावर पुढं तरी कोण सांगणार!

"भैरुदास गेला," नरसम्मा म्हणाल्या. "एवढं बोलला तेव्हाच मला वाटलं. आमचे पण शेवटच्या दिवशी लई बोलले." त्या सूप उचलून घरी गेल्या. अर्ध्या विड्या वळायच्या राहिल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि लेखकाचा रागही आला.

बुधवारी संध्याकाळी अकबरी हसत हसत ओसरीवर आली. ती कोपऱ्यावर राहते, घरी एक शेळी आहे. "भाऊ, तुमच्या म्हाताऱ्याचं भलं होवो. सकाळी माझ्या शेळीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मी पायरीवर पुढचे पाय ठेवून उभी केली, चोळलं, तेल पाजलं. तासाभरात ठणठणीत!"

मी नम्रपणे मान लववली. वाचनाचे संस्कार म्हणतात ते हेच, असं काहीतरी बोलणारही होतो.

"आता एक इचारते," अकबरी म्हणाली. "म्हातारा म्हणाला व्हता, गुण न आल्यास जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावी. तो सरकारी दवाखाना गुहेत कुठं आला, भाऊ?"

मी पुस्तक उघडलं. दोनशे सतराव्या पानावर भैरुदासानं लसीकरणाचा तक्ता दिला होता. तो तक्ता मी काल महिन्यांसकट, खर्जात, वाचून दाखवला होता. मी अण्णारावांकडं पाहिलं. "सरकार म्हणजे परमेश्वर," असं म्हणून त्यांनी खुर्ची उचलली आणि आत गेले.

मथुरा स्वयंपाकघरात हसत होती. ती किती वेळ हसत होती हे मी सांगणार नाही.

नरसम्मांना मात्र हसू आलं नाही. त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "म्हणजे खरी पानं दुसरीकडं आहेत. मग तो मेला असं कुठं आहे? रविवारच्या आत बघा की, भाऊ." आणि ती पानं मिळेपर्यंत पुढचं एक अक्षर वाचायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं.

गुरुवारी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल वीरभद्रप्पा यांचा नियमांवर फार विश्वास. त्यांनी पुस्तकाची पानं मोजली. मोजायला पाऊण तास लागला.

"पानं पुरी आहेत की हो," ते म्हणाले. "एकसुद्धा कमी नाही. आधीच्या वाचकांनीही काही म्हटलं नाही. तक्रार कशाची?"

"सोळा पानं शेळीची आहेत."

त्यांनी तक्रारीचा छापील कागद काढला. त्यात फाटलेली पानं, गहाळ पानं, डागाळलेली पानं आणि वाचकानं लिहिलेला अनुचित मजकूर असे चार रकाने होते. परक्या पानांना रकाना नव्हता. "अनुचित मजकुरात घालू या?" त्यांनी विचारलं. "पण मग तो तुम्ही लिहिला नाही, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल." मी लिहून दिलं. शेळीवरील मजकूर माझा नाही, असं सही-तारखेसह लिहून देणारा सोलापुरातला मी पहिलाच वाचक असेन. त्यावर अंमल व्हायला कार्यकारी मंडळाची सभा लागणार होती. ती दिवाळीनंतर.

शुक्रवारी कचेरी सुटल्यावर मी मैनुद्दीनला गाठला. वाचनालयाची पुस्तकं तोच बांधायचा. त्यानं आधी शिवण पाहिली. "एक धागा सुटला असला तर सांगा, साहेब." धागा सुटला नव्हता. मग पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. सोळा पानांचा एक फर्मा असतो, असे फर्मे ओळीनं रचून शिवतात, हे त्यानं मला समजावलं. "ह्याचा चौदावा फर्मा तिकडं गेला, तिकडचा हिकडं आला. दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी टेबलावर होती. त्या दिवशी आमच्या जुलेखाचं लग्न ठरलं, पाव्हणे चहाला बसलेले. मी शिवत होतो हितं आणि ध्यान तिकडं."

"आणि ते दुसरं पुस्तक?"

"'शेळीपालन'. सांगोल्याच्या पंचायत समितीचं. ते तर कवाच गेलं."

शनिवारच्या किरकोळ रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं. मी खोटं लिहीत नाही. 'शेळीसंबंधी खासगी काम' असं लिहिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "शेळी तुमची?"

"नाही. भैरुदासाची."

"नातेवाईक का?"

"शेजारणीला तसेच वाटतात," मी म्हणालो. साहेबांनी पुढं काही न विचारता सही केली. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा सांभाळून बोलतात.

सांगोल्याला समितीच्या कचेरीत कळलं, की पुस्तक कोंडीबा नावाच्या एका शेतकऱ्यानं नेलंय आणि चार महिने परत केलेलं नाही. दोन कोस चालून त्याच्या वस्तीवर पोचलो. डाळिंबाची चार झाडं, पंधरा-वीस शेळ्या आणि लिंबाखाली बसलेला कोंडीबा. मी पुस्तकाचं नाव काढताच तो उठून उभा राहिला.

"तुमी सरकारकडनं आला व्हय? बसा, बसा. सायेब, लई पुस्तकं वाचली सरकारची. पर ह्येच्यात मधी सोळा पानं हायती, तशी कुटंच न्हाईत. सरकारनं पयल्यांदा कायतरी जीव लावून लिवलंय! माझी मालकीन तर दोनदा रडली."

"तीच पानं मला हवी आहेत."

"आन् त्यो म्हातारा नावाडी! त्येनं काय केलं म्हाईत हाय का? त्यो तितं—"

मी दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडलो, "सांगू नका!" शेळ्या बिथरल्या. कोंडीबाही जरा मागं सरला. मग मी त्याला सगळी हकीकत सांगितली. ओसरी, नियम, नरसम्मा, रविवार. आपण वाचलं ते सरकारनं लिहिलेलं नाही हे ऐकून तो क्षणभर खट्टू झाला. "मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला.

"मग घ्या अदलाबदल करून," मी माझा पाचवा भाग काढला. "शेळीच्या पोटफुगीची पानं यात आहेत."

"पोटफुगी ह्येच्यात हाय?" त्याचे डोळे चमकले. "दोन शेळ्या गेल्या माझ्या त्यापायी. अनुक्रमणिकेत नाव हाय आन् आत गुहाच!" मग तो पुस्तक छातीशी धरून म्हणाला, "देतो. पर एक अट हाय. ते बारा जण कुटनं आलं, कशापाय निगालं, त्ये पयल्यापास्नं सांगायचं. मदलंच वाचून माझं डोस्कं चार म्हैनं फिरलंय."

साडेचार भाग मी लिंबाखाली बसून सांगितले. घोड्याच्या आवाजासकट. मधे दोनदा चहा झाला, एकदा भाकरी आणि पिठलं झालं. ऐकून झाल्यावर कोंडीबानं पोती शिवायचा दाभण आणला, मैनुद्दीनची शिवण तटातट उसवली, फर्मे बदलले आणि दोन्ही पुस्तकं सुतळीनं घट्ट शिवून दिली. एवढं मजबूत पुस्तक मी जन्मात पाहिलं नव्हतं. फक्त ते पुरतं उघडत नव्हतं.

तोवर सोलापूरची शेवटची एस.टी. गेली होती. नाक्यावर पाण्याचा एक रिकामा टँकर दुरुस्तीला सोलापूरला चालला होता, त्यात चढलो. चालक लालसाब यांनी विचारलं, "पुस्तक का असं शर्टाच्या आत धरलंय?" खरं कारण असं होतं, की ते हातात धरलं असतं तर मी उघडून पाहिलं असतं. दोनशे नऊवं पान माझ्या पोटाला लागून होतं आणि ऐंशी किलोमीटर मला ते वाचायचं नव्हतं. कारकुनाच्या आयुष्यात मोहाचे प्रसंग फार येत नाहीत. हा आला आणि मी टिकलो, याची नोंद मथुरेनं घेतलेली नाही.

रविवारी सकाळी गल्लीत ट्रक उभा होता. मागाचे सुटे भाग, पत्र्याची पेटी, पाण्याची घागर, सगळं चढलं होतं. नरसम्मा नव्या लुगड्यात उभ्या होत्या. मुलगा घड्याळ बघत होता. मी ओसरीवर बसलो, पुस्तक गुडघ्यात दाबून उघडं धरलं आणि सुरुवात केली. बायका भोवती जमल्या. अण्णारावांनी खुर्ची आणली. सोळा पानं वाचायला पाऊण तास लागतो, पण मुलानं एकदाही हॉर्न वाजवू दिला नाही. ट्रकचा चालक स्वतःच खाली उतरून पायरीवर बसला होता.

गुहेत एक नदी होती. पलीकडं अंधाऱ्या वस्तीत माणसं राहत होती. त्यांचा नावाडी मरून वर्ष झालं होतं. तेव्हापासून मुलं अलीकडं शिकायला येऊ शकत नव्हती, म्हातारे पलीकडं अडकले होते. भैरुदासानं बाकीच्या अकरा जणांना पार केलं आणि स्वतः नावेतून उतरला नाही. म्हणाला, 'मशाल न्यायला तुम्ही पुष्कळ आहात. इथे वल्हे मारायला कोणी नाही. माझे नाव घेऊ नका, नाहीतर तुम्ही मागे वळून पाहाल.' एवढंच म्हणाला. साडेचार भागांत पहिल्यांदाच भैरुदास तीन ओळींत थांबला.

माझा घोगरा आवाज मुद्दाम काढलेला नव्हता.

"मेला नाही," नरसम्मा म्हणाल्या.

"नाही."

"कामाला लागला."

"हो, कामाला लागला."

"मग त्या अकरा जणांना रडायला काय झालं?" असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले, सूप आणि कात्री काखेत मारली आणि मुलाचा हात न धरता ट्रकमध्ये चढल्या. अकबरीनं ओरडून सांगितलं, "आम्ही तशी शपथ घेणार नाही हां, मावशी! रोज नाव घेणार!" ट्रक वळेपर्यंत आम्ही सगळे रस्त्यात उभे होतो. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

सुतळीनं शिवलेलं पुस्तक बघून मैनुद्दीन दोन दिवस जेवला नाही म्हणतात. वीरभद्रप्पांनी मात्र ते जमा करून घेतलं, कारण जास्तीच्या मजबुतीलाही त्यांच्याकडं रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी भिवंडीहून कार्ड आलं. अक्षर मुलाचं होतं. 'आईचा नमस्कार. इथे शेजारच्या बायका दुपारी आमच्याकडे जमतात. आई त्यांना पहिल्या भागापासून गोष्ट सांगते. काल गुहेपर्यंत आली. सर्वांना फार आवडले. फक्त भैरुदास शेळीबद्दल जे बोलला, त्यातले तेल किती पाजायचे ते आई विसरली आहे. इथे एकीकडे शेळी आहे. कळवावे.'

मी कार्ड दोनदा वाचलं. ती सोळा पानं भैरुदासाची नव्हती, हे नरसम्मांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. अकबरीनं विचारलं तेव्हा त्या समोरच होत्या. पण त्यांचा भैरुदास तीन ओळींत थांबणारा नव्हता, तो तासभर बोलणारा होता.

मी आंतर्देशीय पत्र घेतलं. शेळीची पानं सांगोल्याला गेलेली, पण मला आता ती पाठ होती. मशाल उंच धरून भैरुदास म्हणाला, इथून सुरुवात केली आणि पोटफुगीपासून लसीकरणाच्या तक्त्यापर्यंत सगळं लिहून काढलं. जागा संपली तेव्हा समासात लिहिलं.